केशरी काच आणि मामांचा ऊस

मी जन्मात कधी कोयता हातात धरलेला नाही. तरीही सासऱ्यांचा वीस गुंठे ऊस एका दिवसात आडवा करण्याचं श्रेय माझ्याकडेच जातं.

सत्त्याण्णव सालची गोष्ट. कोल्हापुरात नोकरी आणि फावल्या वेळात फोटोग्राफी, असं माझं चाललं होतं (बायकोच्या मते उलटं होतं). त्या वर्षी मी कॅमेऱ्यापुढे लावायची एक चौकोनी काच घेतली. वरचा भाग गडद केशरी, खाली येत येत रंग फिका होणार आणि तळाला काच अगदी साधी. म्हणजे जमीन जशीच्या तशी आणि आभाळ भर दुपारी सूर्यास्ताचं! त्या काचेनं मला वेड लावलं. रंकाळा केशरी, पन्हाळा केशरी, मेहुणीच्या साखरपुड्यात नवरदेवसुद्धा कपाळापासून वर केशरी!

माझी सासुरवाडी नेसरीकडची. सासऱ्यांना मी मामा म्हणतो. कारखान्याच्या ऊस स्पर्धेत मामांचा सलग दोन वर्षं दुसरा नंबर आला होता, आणि पहिला त्यांच्याच चुलतभावाचा. मामांनी भावकीत जेवायला जाणं सोडलं होतं. यंदाचा ऊस मात्र मनगटाएवढा जाड होता. स्पर्धेच्या अर्जाला फोटो लागायचा आणि जावई फोटोग्राफर! मग काय विचारता!

मी बांधावर उभा राहून काच बसवली, तसे मामा म्हणाले, "पावणं, ही रंगीत काच कशाला?"

"मामा, आभाळ उठून दिसतं."

"ऊस उठून दिसू दे की! आभाळ काय माझं हाय व्हय?"

मी हसलो, आणि काच जरा जास्तच खाली सरकवली. फोटो धुऊन आला तेव्हा आभाळ पेटलेलं, उसाचे शेंडे लालभडक आणि मागून काळपट ढग वर चढत असलेले. मी स्वतःवरच खूश झालो. मामांना चकित करायचं म्हणून आणखी एक मोठी प्रत काढून बॅगेत लपवली.

पुढच्या आठवड्यात मामा कोल्हापूरला आमच्याकडे आले. कशाला? तर बक्षीस घेताना बांधायला नवा गुलाबी फेटा घ्यायला! (निकाल तर सोडाच, अजून परीक्षकही आले नव्हते.) फोटो कारखान्याच्या गट ऑफिसात द्यायचा त्या दिवशी शेवटचा दिवस होता. मामांचे शेजारी बसूअण्णा चार दिवस कोल्हापुरात लेकीकडे राहून नेमके त्या सकाळी गावी निघाले होते. मी स्टँडवर त्यांना गाठून पाकीट दिलं.

"अण्णा, एवढं गट ऑफिसात द्या. आणि मामांना यातलं काही बोलू नका. त्यांना अजून दाखवलेलं नाही. मी सावकाश सांगेन."

अण्णांनी मान डोलावली आणि एसटीत पाकीट उघडून बघितलं.

इथं आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. एरवी शेतकरी महिना महिना तोडणीच्या टोळीची वाट बघतो. पण ऊस जळाला की तो वाळायच्या आत तोडावा लागतो, म्हणून सगळ्यांचे नंबर मागे सारून त्याला आधी तोड मिळते. अण्णांनी फोटो बघितला, माझं बोलणं आठवलं आणि त्यांचे डोळेच भरून आले. मामांचा ऊस जळाला! बिचारा जावई म्हाताऱ्याला कळू न देता सगळं निस्तरतोय! गट ऑफिसात त्यांनी फोटो नुसता दिला नाही, टेबलावर आपटला. "आजच्या आज तोड द्या, न्हाईतर मी हितनं हलत न्हाय!"

दुसऱ्या दिवशी मी मामांबरोबर गावी निघालो. मामा डोक्याला नवा फेटा बांधूनच एसटीत बसले होते. गावाच्या अलीकडे उसानं भरलेला ट्रॅक्टर समोरून आला. मामांनी खिडकीतून मान बाहेर काढली.

"आयला! कुणाचा रं एवढा जाड ऊस? बरं झालं तोडला. स्पर्धेत असता तर आपलं अवघड हुतं!"

रानात पोहोचलो आणि मामा बांधावर उभेच राहिले. ऊस नव्हता. पलीकडची नदी दिसत होती, जी त्या बांधावरून मी कधीच बघितली नव्हती! दोन टोळ्या शेवटच्या मोळ्या बांधत होत्या.

"कुणी सांगितलं तोडायला?" मामा टोळीच्या मुकादमावर ओरडले.

"चिठ्ठी हाय की! जळका ऊस म्हणून," मुकादम म्हणाला.

"ह्यो जळका दिसतोय व्हय तुला?"

"मला बी शंका आली. पर चिठ्ठीवर शिक्का हाय."

एवढ्यात बसूअण्णा आले आणि त्यांनी मामांना मिठीच मारली. "धीर धरा. जावयानं तुमच्यापास्नं लपिवलं, पर आमी सगळं निस्तारलं!"

मामा माझ्याकडे वळले. आणि नेमकी त्याच वेळी स्पर्धेच्या परीक्षकांची जीप बांधाशी येऊन थांबली.

"ऊस कुठाय?" साहेबांनी विचारलं.

काहीतरी वाचवावं म्हणून मी धावत पुढे झालो. "साहेब, कालपर्यंत उभा होता. हा बघा पुरावा!" असं म्हणून बॅगेतली मोठी प्रत त्यांच्या हातात ठेवली.

साहेबांनी फोटो बघितला, तोडलेल्या उसाच्या बुडख्यांकडे बघितलं, मग मामांच्या फेट्याकडे बघितलं. "वाईट झालं. पण जळलेला ऊस स्पर्धेत धरत न्हाईत."

पहिला नंबर पुन्हा चुलतभावाला गेला. तो गुलाबी फेटा मामांनी माझ्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाले, "घ्या पावणं. एवढं काम कुणाच्यानं झालं नसतं."

तो फोटो आजही सासुरवाडीच्या सोप्यात, दारातून आत येताच दिसेल असा, फ्रेम करून लावलेला आहे. मामांनी स्वतःच लावला. नवा पाहुणा आला की हटकून विचारतो, "अरेरे! केवढी ही आग! कधी लागलेली?"

मामा माझ्याकडे न बघता शांतपणे सांगतात, "आग न्हवं ती. जावई हाय."