पापण्यांच्या मुळाशी एक रेघ

भारती गेल्याचा फोन तिच्या लेकीने, प्रणालीने केला. "मावशी, आई गेली. मी जवळच होते." एवढंच बोलली. त्याला आता महिना-दीड महिना होऊन गेला.

तारापूरच्या औषधांच्या कारखान्यात आम्ही दोघी पॅकिंगला होतो. तिथे आत जाताना टिकली, पावडर, काजळ काहीही चालत नसे. त्यामुळे शिफ्ट सुटली की कपडे बदलायच्या खोलीत आरशापुढे झुंबड उडायची, आणि सगळ्यांना लायनर लावून द्यायची भारती. माहेर सातपाटीच्या कोळीवाड्यातलं, तोंडाने फटकळ. कोपर भिंतीला टेकवायची, डोळ्याची कातडी ताणायची नाही, सरळ समोर बघायला लावायची. पापण्यांच्या मुळाशी आधी बारीक ठिपके, मग ते जोडायचे. खालच्या पापणीला हात लावू द्यायची नाही. "मासली ताजी असली का मसाला कमीच लागतो गो," म्हणायची.

माझी डावी पापणी लहानपणापासून जरा खाली आलेली. मला बघायला पाहुणे येणार होते, तेव्हा मी हट्ट धरला, दोन्ही डोळे सारखे दिसले पाहिजेत. भारतीने डावीकडे रेघ जाड केली आणि डोळे खरंच सारखे दिसले. मी खूश! तर हिने कापूस घेऊन सगळं पुसून टाकलं. "रोज उठून येवरं करनार हायस का? ज्याला बघायचा हाय त्यानं हाय तसा डोला बघावा." दोन्हीकडे केसाएवढी रेघ ओढून मला धाडलं. पाहुण्यांनी नकार कळवला. मी कितीतरी दिवस तिच्याशी बोलले नाही. ती मात्र रोज डब्यातला बोंबील माझ्या पुढ्यात सरकवायची. पुढे ज्यांच्याशी लग्न झालं, त्यांना माझी पापणी पडलेली आहे हे मी सांगितल्यावर कळलं. ही गोष्ट भारतीने वर्षानुवर्षं मिरवली.

मग तिचा आजार... औषधांनी डोक्याचे केस गेले, भुवया गेल्या, पापण्याही गेल्या. प्रणाली नाशिकला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला, परीक्षा तोंडावर. आपलं किती बिघडलंय हे तिला कळता कामा नये, अशी भारतीची सगळ्यांना ताकीद. एका संध्याकाळी लेकीचा व्हिडिओ कॉल येणार होता. भारतीने डोक्याचा रुमाल भुवयांच्या जागेपर्यंत खाली ओढला, लायनर उघडला, पण हात थरथरत होता. तिने लायनर माझ्याकडे दिला.

"तू काड. जाड काड. केस हायत असंच वाटाय पायजे."

"तूच सांगायचीस ना, हाय तसं..."

"लेकीची परीक्षा हाय. गप काड."

केसच नाहीत, तर ठिपके द्यायचे कुठे? श्वास रोखून जमेल तसं काढलं. फोनवर भारती हसत बोलली. प्रणालीही हसली, "छान दिसतेस, आई" म्हणाली. मला वाटलं, जमलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रणाली बॅग घेऊन दारात. भारती तिच्यावर चिडली, मीच कळवलं असेल म्हणून माझ्यावर त्याहून चिडली, आणि रात्री लेकीचा हात धरून गाढ झोपली. शेवटचे काही दिवस दोघी एकमेकींना सोडून हलल्या नाहीत. एक पेपर बुडाला; तो प्रणाली पुन्हा देईल.

दिवसकार्य उरकल्यावर मी तिला विचारलं, तुला कळवलं तरी कोणी?

"कुणी नाही, मावशी. रेघ जाड होती, वाकडी होती. आईचा हात चालत असता, तर तशी रेघ घेऊन ती माझ्यासमोर बसली असती?"

मला रडू आवरेना. कुणाला लायनर लावून द्यायची माझी ती पहिलीच वेळ. नीट जमला नाही, ते किती बरं झालं.