कोरडी अंत्ययात्रा

बँडमध्ये मला सगळे ‘रडका’ म्हणतात. हे नाव बायकोने ठेवलेलं नाही, तिने फक्त उचलून धरलं.

मी क्लॅरिनेट वाजवतो. सुरुवातीला लग्नात वाजवायचो, पण माझ्या फुंकरीतच काहीतरी सुतकी आहे. नाचायचं गाणं काढलं तरी नाचणाऱ्यांचे पाय जड व्हायचे आणि नवरी हुंदके द्यायला लागायची. एकदा तर नवरीच्या मामाने मला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, “दादा, मुलाबद्दल तुम्हाला काही कळलंय का? असेल तर आत्ताच सांगा.” दुसऱ्या दिवशी बँडमास्तरांनी माझी बदली अंत्ययात्रांच्या पथकात केली.

तिथे मात्र माझं नशीब फळफळलं. शोकगीताची पहिली ओळ घेतली की माणसं खिशातले रुमाल चाचपायची. मला त्याची चटक लागली. वाजवता वाजवता मी गर्दीतले ओले रुमाल मोजायचो आणि घरी येऊन बायकोला आकडा सांगायचो.

“अहो, लोक मेलेल्या माणसासाठी रडतात,” ती म्हणायची.

“मग मी शेवटची ओळ लांबवली की जास्त का रडतात?”

“त्यांना घरी जायचं असतं.”

तिला संगीतातलं काही कळत नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली. अशी बारा वर्षं गेली.

मग वजनमाप साहेब वारले. नोकरीभर ते दुकानादुकानांतून तराजू आणि वजनं तपासत फिरले होते. कुणाचा चहा प्यायले नाहीत, कुणाची गय केली नाही. आमच्या रस्त्यावर असा दुकानदार नव्हता, ज्याचा तराजू त्यांनी एकदा तरी जप्त केला नव्हता. त्यांच्यामागे एकुलती एक मुलगी. तिने आमचा बँड बोलावला. लोक आले, नाही असं नाही. पण हजेरी लावायला आल्यासारखे. किराणावाला सारखा घड्याळ बघत होता. लोखंडवाला आणि कापडवाला मागून चालत पत्र्यांच्या भावाबद्दल बोलत होते.

मी नेहमीचं गाणं काढलं. रुमाल शून्य. दुसरं काढलं, ज्याने एकदा एक पोलीस रडला होता. शून्य. मग मी ठेवणीतलं तिसरं काढलं. ते मी सहसा वाजवत नाही, कारण त्याने लोक कोसळतात. किराणावाल्याने जांभई दिली.

ती जांभई मला फार लागली. बारा वर्षांची कला, आणि समोर उघडा जबडा. माझे डोळे भरले, आणि बघता बघता मी घळाघळा रडायला लागलो. आता रडता रडता क्लॅरिनेट वाजवायची म्हणजे नाक बंद आणि तोंड कामात. श्वास कुठून घेणार? वाद्यातून आधी एक चिरका सूर निघाला आणि मग नुसती हवा. ड्रमवाला थांबला. त्याच्यामागे अख्खी यात्रा थांबली.

साहेबांची मुलगी माझ्याजवळ आली. चाळिशीची, वडिलांसारखीच ताठ. “तुमची आणि बाबांची ओळख होती?”

शेजारच्या ट्रम्पेटवाल्याने मला कोपर मारलं. हो म्हण, असा त्याचा अर्थ. मीही हो म्हणणारच होतो. पण तिची नजर अशी होती, की तिथे छटाकभरही खोटं खपलं नसतं.

“नाही ताई,” मी म्हणालो. “कुणीच रडत नव्हतं, म्हणून रडू आलं.”

“बाबांसाठी?”

“नाही. माझ्यासाठी. इतकं चांगलं वाजवत होतो.”

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिला हसू फुटलं. पदर तोंडावर घेऊन ती हसली, आणि हसता हसताच कधी रडायला लागली ते तिलाही कळलं नसावं. मी तसाच उभा. सांत्वन करायची मला सवय नाही, माझं काम त्याच्या उलट.

डोळे पुसून ती म्हणाली, “बाबांना गाण्यातलं ओ की ठो कळायचं नाही. पण तुम्ही त्या सुरांना जे झोके देत होतात ना, ते त्यांनी पकडले असते. म्हणाले असते, हा माणूस मालात भेसळ करतोय.”

“मग काय वाजवू?”

“पहिलंच वाजवा. आहे तेवढंच.”

मी नाक शिंकरलं आणि पहिलं गाणं पुन्हा काढलं. झोके नाहीत, लांबवणं नाही. जेवढ्यास तेवढं. असं मी शिकत असतानाच वाजवलं होतं, त्यामुळे दोनदा चुकलो. मागचं बोलणं थांबलं. थोड्या वेळाने किराणावाला तिच्या बाजूला येऊन चालायला लागला. “माझा तराजू साहेबांनी दोनदा नेला,” तो म्हणाला. “पण एकदा माझाच काटा मला तोटा करत होता, गिऱ्हाइकाला जास्त जात होतं. तेही त्यांनीच दाखवलं. आभार मानायचे राहून गेले.” त्याने पुढे होऊन खांदा दिला, आणि लोखंडवाल्यालाही खुणेने बोलावलं.

घरी गेल्यावर मी बायकोला सगळं खरं खरं सांगितलं. ती इतकी हसली, की तिला पाणी द्यावं लागलं.

हल्ली वाजवायला सुरुवात करण्याआधी मी घरच्यांना विचारतो, माणूस कसा होता? त्यात कधी अर्धा तास जातो, बँडमास्तर पाय आपटतात. परवा एका म्हातारीची सून म्हणाली, “सासूबाई ना? महाकजाग होत्या. मला पोळी लाटायला शिकवली ती हातावर लाटणं मारून.” एवढं बोलून ती स्वतःच्या हाताकडे बघत राहिली. मी क्लॅरिनेट तोंडाला लावली आणि साधंच वाजवलं. ट्रम्पेटवाल्याचं म्हणणं आहे, की आता मी पूर्वीपेक्षाही रडकं वाजवतो.