मेरिटवाल्यांचं मशीन

नाझनीनला नोकरीवरून काढलं तेव्हा कारण काय दिलं, तर म्हणे तिनं मेरिटवाल्यांच्या मशीनला हात लावला. आग लागो त्या मशीनला!

लातूरच्या ज्या कोचिंग क्लासेसमधी ती होती, तिथंच मी चौकशीच्या खिडकीवर बसते. नाझनीन आमचे मेल सर्व्हर सांभाळायची. बाप पाशामियाँ घड्याळं दुरुस्त करायचा; पोरगी मशिनं उघडून उघडून शिकली. प्रत्येक विद्यार्थ्याला क्लासचा मेल होता. सगळ्यांचे मेल एकाच ठिकाणी साठायचे, आन् ते उघडून द्यायला पुढं दोन मशिनं. नाझनीन पहिल्या दिवसापासून सांगून राहिली होती, "सर, जे मशीन मोकळं असेल तिकडं येणाऱ्याला पाठवू. गर्दी दोन्हीकडं वाटली जाईल."

पण ऐकतील ते आमचे मालक शिवशंकर सर कसले! वर्गात टक्क्यांनुसार बाकं, तशी त्यांनी मशिनंबी वाटली. नवं मशीन मेरिट बॅचच्या साठ पोरांना, जुनं खटारं बाकीच्या दोन हजारांना. यादीत नाव नसलं की नवं मशीन आत घ्यायचंच न्हाई. "मेरिटची पोरं खोळंबली नाही पाहिजेत," म्हणे. अन् बाकीची काय माणसांची पोरं न्हाईत?

२००९च्या जुलैत व्हायचं तेच झालं. मेडिकल कॉलेजांचे मेल आले: पाचपर्यंत होकार कळवा, न्हाईतर जागा दुसऱ्याला. सगळे एकदम तुटून पडले आन् जुन्या मशीननं दोनलाच मान टाकली. राजकन्या नावाची किल्लारीची पोरगी माझ्या खिडकीशी रडून राहिली होती. मायबाप भूकंपात गेलेले, चुलती कावेरीबाईनं राबून शिकवलेली पोर. तिचा मेल उघडेना. मेरिटवाल्यांचं काम तर सकाळीच उरकलेलं. त्यांचं मशीन नुसतं रिकामं!

नाझनीन सरांकडं पळाली. सर म्हणाले, "नियम म्हणजे नियम." ती माघारी आली, खुर्ची ओढली. "नीलाताई, गेली नोकरी तर गेली." थोड्या वेळात दोन्ही मशिनं सगळ्यांना खुली झाली. पावणेपाचला राजकन्येचा होकार गेला.

त्याच संध्याकाळी नाझनीनला घरी बसवलं.

चार दिवसांनी राजकन्या पेढे घेऊन आली. सरांनी हार घातला, फोटोवाला बोलावला. पोरीनं विचारलं, "नाझनीन मॅडम कुठायत?"

"त्यांचं लग्न ठरलं. सोडून गेल्या," सर म्हणाले.

धादांत खोटं! पोरीला पटलं न्हाई. ती माझ्याकडं वळली. "खरंच का हो, ताई?"

सरांनी माझ्याकडं पाहिलं. आन् मी, सगळं डोळ्यांनी पाहिलेली, "हाव, खरंय" म्हणाले.