बीएचा मंगळवार

देवीला जाते म्हणून सांगायचं आणि घरातच बसायचं, अशी बाई मी एकच पाहिली. ती माझी मंडळी. सोलापूरहून तुळजापूरला जाणारा रस्ता आमच्या तामलवाडीवरून जातो. माघातल्या एका मंगळवारी तिच्या कॉलेजातल्या मैत्रिणी आमच्याकडं जमायच्या. त्या घरात बसायच्या आणि देवीला जायचो मी.

गावात तिला नावानं कुणी हाक मारली नाही. ती सून होऊन आली तेव्हा गावात एवढी शिकलेली बाई नव्हती. लहानथोर सगळे तिला बीए म्हणायचे. मी सातवी नापास. तिच्या बापानं आमच्या विहिरीचं पाणी पाहिलं आणि पोरगी दिली. लोक तोंडावर विचारायचे, बीए घरात मराठी बोलते का. मी म्हणायचो, भाकरी तरी मराठीतच भाजते. तिनं माझं नापास होणं कधी काढलं नाही. फार रागावली तर "तुम्हाला न्हाय कळायचं" एवढंच.

कॉलेजात तिच्या वर्गात मोजक्या पोरी. लग्नं झाली, आडनावं बदलली, कुणी लातूरला गेली, कुणी बार्शीला, नलूताई अणदूरला. गडीमाणसांचं बरं असतं. दोस्ताला भेटून येतो म्हटलं की सुटले. बाईनं सासरी असं म्हणून बघावं. पण देवीला जाते म्हटल्यावर नको म्हणायची छाती कुठल्या सासूची? बीएनं हे बरोबर हेरलं. सगळ्यांना पोस्टकार्डं टाकली, देवीचं बोलावणं आहे, मंगळवारी ये. बाया एसटीनं आमच्या फाट्यावर उतरायच्या आणि तिथून पुढं जायच्याच नाहीत.

प्रभाबाई तेवढ्या वेगळ्या. बौद्ध घरातल्या, शाळेत मास्तरीण. त्यांना देवीचं निमित्त चालतही नव्हतं आणि लागतही नव्हतं. दारात चपला काढता काढताच बाकीच्यांना टोमणा मारायच्या, "तुम्ही देवीच्या नावानं सुटता, मी माझ्या नावानं."

प्रत्येकीला घरी दाखवायला कुंकू, अंगारा, पेढे लागायचे. ते आणायचं काम माझं. बीए बजावून धाडायची, एकेकीच्या नावानं हात जोडा, आणि माहेरच्या नावानं जोडा, सासरचं घेऊ नका. मी रांगेत उभा राहून ती नावं घोकायचो. देवीपुढं गेलो की म्हणायचो, आई, ह्या आल्या न्हाईत, मी आलोय, चालवून घे.

एकदा परत येतोय, तर नलूताईंचे मालक जीप घेऊन फाट्यावर उभे. बायकोला न्यायला आले होते.

"झालं का दर्शन?"

मी पिशवी उघडून दाखवली. "झालं."

"आणि बाया?"

"पाय धुतायत."

माणूस भाबडा. पिशवीतल्या नारळाला हात जोडले आणि बिडी पेटवून बसला. मी घराकडं पळालो. ओसरीवर पाय टाकेपर्यंत आत हसण्याचा नुसता कल्ला चालला होता. मी दारात दिसलो तसा बंद. दर वर्षी असंच व्हायचं. मी आलो की सगळ्या पदर सारखे करून उठायच्या.

पुढं सासवा गेल्या, दोघीतिघींचे मालकही गेले. पोरं पुण्याला लागली. फोनवर त्यांचा ग्रुप झाला, आमचा पोरगा त्याला गेट-टुगेदर म्हणायला लागला. आता कुंकू दाखवायला कुणी उरलं नव्हतं. तरी बीए मला घराबाहेर काढायचीच. एका वर्षी मी चिडलो. म्हटलं, माझे गुडघे गेलेत, कोपऱ्यात पडून राहतो, तुमचं काय खातो का मी? ती म्हणाली, "तुम्ही घरात असलात की आम्ही बाया होतो. तुम्ही गेलात की पोरी होतो." पिशवी उचलली. गेलो.

गेल्या पावसाळ्यात तिच्या पोटाचं दुखणं निघालं. सोलापूरच्या दवाखान्यात खाटेवर पडून ती फोनवर मैत्रिणींना दटावत होती, मंगळवार चुकवू नका म्हणून. माघ लागायच्या आधीच गेली. झोपेत गेली. मी उशाशी बसलो होतो आणि मला कळलं नाही. माणूस उशाशी कशाला बसतो मग?

माघ लागला तसा प्रभाबाईंचा फोन आला. "दाजी, या वर्षी नको ना?"

बीएची साडी अजून दोरीवर होती. पोरीनं काढते म्हटलं होतं, मीच काढू दिली नव्हती. मी म्हणालो, "या. पण मी देवीला जाणार न्हाय. घरीच बसणार."

त्या म्हणाल्या, "बसा."

आल्या सगळ्या. चहा मी केला, पाक झाला होता नुसता, तरी प्याल्या. सुतकाच्या घरी बसतात तशा भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला आडून बोलता येत नाही, सरळ विचारलं. म्हटलं, जन्मभर माझ्यासंगं राहिली, पण या दिवसाची बीए मी पाहिली न्हाय. मी गेल्यावर ती इथं काय करायची, ते मला सांगा.

बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. शेवटी नलूताई म्हणाल्या, "नका विचारू दाजी. तुमचीच नक्कल करायची."

"माझी?"

"लई हसायचो ओ आम्ही."

"मग करून दाखवा."

कुणी उठेना. मग प्रभाबाई उठल्या. खुंटीवरचा माझा टॉवेल खांद्यावर टाकला, हातात पिशवी घेतली, गुडघ्यावर हात ठेवत वाकून दारातून आत आल्या आणि माझ्या आवाजात म्हणाल्या, "झालं दर्शन. देवी म्हणली, पुढच्या येळंला बायांनाच धाड. तुझं थोबाड बघून कंटाळले."

आणि हसू दाबायला त्यांनी पदर दातात धरला, खांदे हलायला लागले. नक्कल करताना बीए असाच पदर धरायची, नलूताई म्हणाल्या. चुलीपुढं माझ्याकडं पाठ करून बसली की बीएचे खांदे असेच हलायचे. मला वाटायचं, धूर लागतोय.

सगळ्या हसायला लागल्या, नलूताई हसता हसता रडायला लागल्या. माझी नक्कल कशी झाली ते मी बघितलंच नाही. तो दातात धरलेला पदर तेवढा बघत होतो. प्रभाबाईंनी डोळे पुसले, टॉवेल खुंटीला लावायला निघाल्या.

मी म्हणालो, "अजून एकदा करा."