अॅम्प्लिफायरला लावलेलं कुंकू

आमच्या कंपनीचा पहिला धड चाललेला अॅम्प्लिफायर मी जाळला, आणि तो दुसऱ्या कुणीतरी जाळला असं सगळ्यांना वाटू दिलं. पहिली गोष्ट अपघात म्हणून खपेल. दुसरीला तेवढीही सवलत नाही.

आमची कंपनी हडपसरला आहे. लायडारसाठी लागणारे लेझर आणि अॅम्प्लिफायर आम्ही बनवतो. लायडार म्हणजे प्रकाशाचा एक बारीकसा ठोका समोर फेकायचा, तो आपटून परत यायला लागलेला वेळ मोजायचा आणि समोरचा ट्रक, भिंत किंवा म्हैस किती लांब आहे ते सांगायचं. लेझरमधून निघतो तेव्हा हा ठोका अगदीच अशक्त असतो. काचेच्या केसासारख्या तंतूतून नेता नेता त्याला ताकद द्यायची, हे अॅम्प्लिफायरचं काम. या तंतूला आम्ही फायबर म्हणतो. आमचे मालक प्रत्येक पाहुण्याला सांगतात, "भारतातल्या गाड्यांना आम्ही डोळे देणार आहोत." ते स्वतः मात्र दर सोमवारच्या बैठकीला नेहमी उशिरा पोचतात, कारण त्यांच्या ड्रायव्हरला स्वारगेटचा चौक नीट दिसतो, ओलांडता येत नाही.

आमची प्रयोगशाळा धूळमुक्त आहे. आत शिरताना डोक्याला टोपी, अंगात डगला, बुटांवर पिशव्या. दारावरची सूचनांची पाटी मीच लिहिली आहे; आत डोकं खाजवायलासुद्धा मनाई आहे. आणि याच खोलीत मी खंडेनवमीला हळदकुंकवाची वाटी घेऊन शिरलो.

तोवर आमची शस्त्रपूजा कँटीनमध्ये व्हायची. एका टेबलावर पकडी, पाने, एक जुना मीटर, वर झेंडू. पण त्या वर्षी अॅम्प्लिफायर तयार होता आणि दसऱ्यानंतर एका गाड्यांच्या कंपनीचे लोक तो बघायला येणार होते. प्रयोगशाळेचा प्रमुख या नात्याने मला साक्षात्कार झाला की आपलं खरं शस्त्र हे आहे. पकडीला कसली फुलं वाहता?

तो अॅम्प्लिफायर बांधला होता माझ्या हाताखालच्या एका इंजिनिअर बाईंनी. त्या यवतमाळकडच्या. फायबरची दोन टोकं वितळवून सांधायची, आणि सांधा कुठे आहे ते शोधून सापडू नये, असं त्यांचं काम. मी मात्र सदाशिव पेठेत वाढल्यामुळे, त्यांच्या कामापेक्षा त्यांच्या 'करून राहिले'ची नक्कल जास्त मन लावून करत असे.

"सर, आत हळदकुंकू काहून नेऊन राहिले?" त्यांनी दारातच विचारलं.

"अहो, वर्षातून एकदा तर."

"धुळीलाही सांगून ठेवलं का जी, वर्षातून एकदाच येजो म्हणून?"

मी हसलो. वरिष्ठांना असं हसता येतं.

अॅम्प्लिफायरच्या खोक्याला मी हळदकुंकू लावलं. फोटो काढताना फायबरच्या टोकावरची प्लास्टिकची टोपी आड येत होती, ती काढली. फोटो छान आला. मग त्याच कुंकवाच्या बोटांनी टोपी परत बसवली.

दसऱ्यानंतर पाहुणे आले. टोक जोडण्याआधी ते सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं, हा आमच्याकडचा पहिला नियम; टोकावर एखादा कण राहिला, तर ताकद वाढलेल्या प्रकाशात तो पेटतो आणि टोक जाळतो. बाईंनी त्यासाठी टोक हातात घेतलं. "पाहुणे खोळंबलेत," असं म्हणून मी ते त्यांच्या हातातून काढून घेतलं, स्वतः जोडलं आणि ताकद वाढवत नेली. पडद्यावरची रेघ चढली, चढली आणि एकदम झोपली.

"काय झालं?" मालकांनी विचारलं.

"सांधा कच्चा राहिला असणार," मी म्हणालो.

सांधे कोण करतं ते सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे मला नाव घेण्याचे कष्टही पडले नाहीत. सगळ्यांनी बाईंकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे.

पाहुणे गेल्यावर मी एकट्याने ते टोक सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. मधोमध जळून काळा खड्डा पडला होता, आणि कडेला लाल कण चिकटलेले. मी टोक कापलं आणि काचेच्या कचऱ्यात टाकलं.

मग मालकांनी मूळ कारण शोधण्यासाठी समिती नेमली. प्रमुख मी. आम्ही माशाच्या सांगाड्यासारखी आकृती काढली आणि एकेका काट्यावर एकेक संशयित लटकवला: हडपसरची वीज, हवेतला दमटपणा, शेजारच्या कारखान्याची धडधड. देवाचा काटा कुणी काढला नाही. शेवटी निष्कर्ष निघाला, मानवी चूक. निष्कर्ष अगदी बरोबर होता. फक्त माणूस चुकला होता.

बाईंना प्रयोगशाळेतून काढून वापराच्या माहितीपुस्तिका लिहायला बसवलं. पहिलीच पुस्तिका माझ्याकडे तपासायला आली. पहिल्या पानावर ठळक अक्षरांत होतं: 'पाहुणे खोळंबले असले तरी टोक तपासल्याशिवाय जोडू नये.' मी 'पाहुणे'वर काट मारली आणि बाजूला 'छान' असा शेरा दिला.

काही महिन्यांनी मालक म्हणाले, "त्यांना कायमचंच लिखाणाला ठेवू. हात बसलाय. समितीचे प्रमुख म्हणून तुम्ही तेवढी शिफारस करा, सोमवारच्या बैठकीत सांगून टाकू."

ज्या हातांनी सांधे करायचे ते हात आता जन्मभर टंकन करणार, आणि ते माझ्या शिफारशीने. त्या दुपारी मी बाईंना गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर गाठलं आणि सगळं सांगितलं. कुंकू, खड्डा, कापलेलं टोक. सांगताना माझ्या प्रामाणिकपणाचं मला थोडं कौतुकही वाटलं.

त्यांनी चहा संपवला. "मला काहून सांगून राहिले सर? माझा सांधा कच्चा नव्हता, हे मला तर पहिल्या दिवसापासून माहीत आहे."

"तरी म्हटलं, तुमची माफी..."

"इथं? बरं आहे जी. आळ भर सभेत, अन् माफी टपरीवर." त्यांनी ग्लास ठेवला. "ज्याइच्यासमोर बोलले, त्याइच्यासमोर बोला."

सोमवारी सगळे जमले. मालक गाड्यांच्या डोळ्यांवर येणार इतक्यात मी उभा राहिलो.

"तो अॅम्प्लिफायर मी जाळला. टोकाला माझ्या बोटांचं कुंकू होतं. या बाई तपासत होत्या, मी तपासू दिलं नाही. नंतर टोक कापून टाकलं, तेही मीच."

"अहो, जरा चहा तरी येऊ द्या," मालक म्हणाले.

कुणीतरी हसलं. मी बसलो नाही. बाई शेवटच्या रांगेत होत्या. मी त्यांच्याकडे वळलो.

"सांधा पक्का होता. मी तुमच्यावर खोटा आळ घेतला, आणि इतके महिने तो तसाच राहू दिला. मला माफ करा."