सुमनमावशीची खुनी गिरणी

किस्से काही कोणी ठरवून गोळा करत नाही हो. भात भरडलं की कोंडा कसा कानाकोपऱ्यात जाऊन बसतो, तसे ते बसतात. आमचा सिनेमा जेमतेम अठ्ठावीस मिनिटांचा, पण त्याचे किस्से पार्लरमध्ये मी अजून सांगतेय!

सिनेमाचं नाव ‘खुनी गिरणी’. एक भाताची गिरणी आपोआप चालू होते आणि माणसं गिळते, एवढीच स्टोरी. दिग्दर्शक माझा धाकटा दीर निलेश. एरवी तो लग्नाचे व्हिडिओ काढतो. माझं डहाणूला ब्यूटी पार्लर, म्हणून मेकअप माझ्या गळ्यात. “वहिनी, नवरी काय नि भूत काय, फाउंडेशन तेच!”

गिरणी मिळाली तलासरीच्या वाटेवर, सुमनमावशीची. तिचा नवरा रमेशकाका वर्षभरापूर्वी गेला आणि गिरणी बंद पडली. मावशीने मात्र मोटार दुरुस्त करून घेतली, नवा पट्टा चढवला, सगळं चालवायला शिकली. काकाचं मोठं घड्याळ मनगटात घालून रोज मशीन पुसायची. कापणी झाली की सुरू करायची होती. पाड्यावर मात्र बोलणं एकच, “बाईच्या हाताला मशीन कुठे ऐकतंय!”

तिची एक अट होती. “गिरणीची बदनामी नको. आधीच गिऱ्हाईक नाही. त्यात भुताटकीची म्हणून नाव झालं तर मी खाऊ काय?”

“मावशी, उलट फुकटात जाहिरात!” निलेश म्हणाला.

सिनेमात गिरणी चार माणसं खाते, हे पठ्ठ्याने सांगितलंच नाही. मी मागून चिमटा काढला, तर हा आपला हसतोय!

*

पहिला मेकअप विनोदचा. विनोद चिंचणीचा, आमचा हिरो. तो आधी मरतो आणि मग भूत होऊन येतो. आता माझ्या हाताला सवय लग्नाची! बेस लावला, गालावर गुलाबी फिरवलं, कपाळावर चंदनाचे ठिपकेसुद्धा काढून मोकळी झाले.

एक चिकूवाडीवाले शेठ आम्हाला ताडपत्र्या द्यायला आले होते. ते बघतच राहिले. “बेन, आ भूत छे के वरराजा?”

मी पुसायला कापूस घेतला, तर विनोद मागे सरकला. “थांबा वहिनी! आधी एक फोटो काढा, बायकोला पाठवतो.”

*

भुताचा सिनेमा म्हटलं की रात्र हवी. पण विनोद तारापूरला कारखान्यात आणि त्याची नाईट शिफ्ट! मग काय, शेठच्या ताडपत्र्या खिडक्यांना ठोकून भर दुपारी रात्र केली.

विनोद शिफ्टवरून थेट यायचा आणि प्रेत म्हणून आडवा व्हायचा. त्याच्या आईच्या रोलमध्ये पार्वतीबाय, चिंचणीचीच, मासे विकणारी. तिने असा काही टाहो फोडला की माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात प्रेत घोरायला लागलं!

निलेश “कट” ओरडणार, तर पार्वतीबाय त्याच रडक्या सुरात म्हणाली, “नका रे उठवू लेकराला, दमून आलाय गं बाय माझा!”

ते घोरणं निलेशने फुकट घालवलं नाही. गिरणीचा श्वास म्हणून वापरलं.

*

पार्वतीबायचा पदर पट्ट्यात अडकतो, असा सीन होता. पट्टा अर्थात बंद होता. तिने घाबरून “वाचवा” ओरडायचं होतं. तिने पदर हिसकला आणि गिरणीवरच खेकसली, “सोड गं भवाने! आधी विचारायचं, मग हात लावायचा!” तिच्या टोपलीतल्या पापलेटला न विचारता बोट लावणाऱ्याला ती हेच ऐकवते.

“बाय, तुम्ही घाबरलाय,” निलेशने समजावलं.

“मी? ह्या डब्याला?”

“डबा कोणाला म्हणतेस?” मावशी आतून कडाडली.

दोघी जेवणापर्यंत बोलल्या नाहीत. मग पार्वतीबायने सुक्या बोंबलाची चटणी पुढे सरकवली, तेव्हा मिटलं.

*

आमची मोठी चूक म्हणजे मधे दसरा आहे, हे कोणाच्या लक्षातच आलं नाही. आम्ही सकाळी पोचलो, तर खुनी गिरणीच्या गळ्यात झेंडूचा हार, अंगभर हळदकुंकवाची बोटं, पुढ्यात नारळ!

“आज तिची पूजा. हात लावायचा नाही,” मावशी म्हणाली. “आणि हार पाच दिवस काढायचा नाही.”

“मावशी, ही राक्षसीण आहे!”

“असेल तुझ्या घरी!”

म्हणून आमच्या सिनेमात गिरणी पहिला खून साधी करते आणि पुढचे तिन्ही हार घालून करते.

*

शेवटच्या सीनला गिरणी आपोआप चालू होते. निलेशने स्टार्टरला दोरी बांधायचा घाट घातला होता. मावशी म्हणाली, “दोरी कशाला? मी गोणीआड बसते नि दाबते. आणि रिकामी नाही हं चालवणार. भात ओता आधी!”

पहिला शो तिच्याच अंगणात ठरला, पांढऱ्या चादरीवर. दिवस मावळला आणि अख्खा पाडा जमला. पहिला माणूस गिरणीत गेला, दुसरा गेला. मावशीने माझा हात धरला. शूटिंग तुकड्या-तुकड्यांत झालेलं, अख्खी गोष्ट तिला आत्ताच कळत होती. आता हिच्या दारात कोण फिरकणार, म्हणून मला निलेशचा असा राग आला!

तेवढ्यात गिरणीचा श्वास सुरू झाला. पोरंसोरं किंचाळली. विनोदची बायको मोठ्याने म्हणाली, “अगंबाई, हे तर आमचे हे!”

मग क्लायमॅक्स. निलेशने एडिटिंग केलं मोबाईलवर. त्या एवढ्याशा स्क्रीनवर जे दिसलं नव्हतं, ते चादरीवर दोन हात लांब दिसलं. गोणीआडून एक हात आला, घड्याळ कोपराकडे घसरलं आणि बोटाने स्टार्टर दाबला.

“घड्याळ तर रमेशचं!” कोणीतरी पुटपुटलं. पुढची पोरं आयांना बिलगली.

मागून एक म्हातारा उठला. “अरे, हात सुमनचा आहे. एका बोटात चालू केली बघा पोरीने!”

चादरीवर पट्टा धावायला लागला. खाली पांढरे तांदूळ पडायला लागले.

“कणी नाही रे पडत, दाणा अख्खा!”

“सुमन, माझ्या चार गोण्या!”

“माझा नंबर आधी!”

सगळे उभे राहिले. चादरीवर नुसत्या डोक्यांच्या सावल्या. निलेश रडवेला होऊन ओरडतोय, “अहो बसा, क्लायमॅक्स आहे!”

मावशीने पदराने डोळे पुसले आणि लोकांकडे वळली.

“सकाळी आठला या सगळ्यांनी. आणि आता बसा गुपचूप, तिकडे माणूस मरतोय बिचारा!”