परबकाकांच्या आठवणीतले खेळाडू

आम्ही घाटकोपरच्या कबड्डीवाल्या मैत्रिणी कुठेही भेटलो, अगदी कोणाच्या बारशाला, तरी दहा मिनिटांत गाडी परबकाकांवर येते. एकीने एक किस्सा काढला की दुसरीला दोन आठवतात. बारशाचं बाळ बाजूलाच राहतं.

काका आमचे कोच. तरुणपणी लालबागच्या एका गिरणीत होते आणि तिथल्या कबड्डी संघात. त्यांच्याकडे प्रत्येक नव्या खेळाडूसाठी एक जुना खेळाडू तयार असायचा. मी तेरा वर्षांची असताना पहिल्यांदा मैदानावर गेले, तेव्हा माझी एक चढाई बघून ते त्यांच्या मालवणीत म्हणाले, "ह्या चेडवाचो पाय गणूचो आसा." मी, म्हणजे ते चेडू, हवेतच. दोन दिवसांनी हळूच विचारलं, हा गणू कसा खेळायचा? तर म्हणे पहिलं वर्षभर प्रत्येक सामन्यात पहिल्याच चढाईत बाद व्हायचा.

"आणि मग?"

"मग दुसऱ्या वर्षी गणू नाय झालो."

मला दीड वर्ष लागलं. पण रोज बाद होऊनही मी घरी बसले नाही, ते त्या गणूमुळे.

आमची रुपाली पाच फूट नऊ इंच. पकडीला उभी राहिली की समोरचीची वाट लागायची. काका तिला भिकू म्हणायचे. या भिकूचा रुपालीला इतका अभिमान, की तो पहिलवानच असणार असं तिने ठरवून टाकलेलं. एकदा काकांनी गिरणीच्या संघाचा फोटो आणला. भिकू शेवटी उभा, बाजूच्याच्या खांद्याखाली, कान तेवढे मोठे.

"काका, हा?" रुपालीचा चेहरा पडला.

"उंची कित्याक व्हयी? पाय गावलो की सोडूचो नाय."

त्यानंतर स्वतःच्या उंचीचा विषय रुपालीने कधी काढला नाही, आणि पायही सोडला नाही.

टीव्हीवर लीगचे सामने सुरू झाले तेव्हा आमच्या क्रीडा मंडळाच्या ऑफिसात सगळे जमायचे. एक चढाईपटू काकांना बघताक्षणी गिरणीच्या संघातला वामन वाटला. "आता डावीकडून जातलो," काका म्हणाले. गेला. "आता मागे वळतलो." वळला. आम्ही टीव्ही सोडून काकांकडेच बघायला लागलो. तिसऱ्यांदा ते म्हणाले, आता सुटणार. तो सरळ समोरच्यांच्या मिठीत गेला.

काका म्हणाले, "वामन पण मधीमधी चुकायचो."

आमच्यातल्या सोनालीचा घोटा मुरगळला तेव्हा तिच्या बाबांनी तिचा खेळ बंद केला. आम्ही तिघी जाऊन रडून आलो, उपयोग झाला नाही. मग काका गेले. आम्हाला वाटलं, आता लेक्चर देणार. त्यांनी खेळाचं नावही काढलं नाही. फक्त बाबांना म्हणाले, "तुझ्या बापाशीची चाल हिच्यात इली हा."

सोनालीचे आजोबा त्याच गिरणीच्या संघात होते. ते गेले तेव्हा तिचे बाबा तीन वर्षांचे. वडिलांना खेळताना सोडाच, चालतानाही पाहिल्याचं त्यांना आठवत नव्हतं. त्यांनी विचारलं, "कसे चालायचे?" काका सांगत बसले. चहा निवला, जेवणाची वेळ झाली.

दुसऱ्या दिवशी बाबाच तिला घेऊन मैदानावर आले आणि प्रॅक्टिस संपेपर्यंत पायरीवर बसून राहिले. पुढे सोनालीची तक्रार असायची, की एक दिवस दांडी मारायची म्हटलं तरी बाबा मारू देत नाहीत.

गेल्या वर्षी मंडळाच्या वर्धापनदिनाला जुन्या मुली विरुद्ध नव्या मुली असा सामना ठेवला होता. आम्ही आता नोकऱ्या करणाऱ्या, मी पवईच्या ऑफिसातून हाफ डे घेऊन आलेली. गुडघ्यांना क्रेप बँडेज बांधताना सोनालीने सहज विचारलं, "काका, तुम्ही कोणासारखे खेळायचात?"

इतक्या वर्षांत हे कोणी विचारलंच नव्हतं.

"मी खंय खेळलंय?" काका म्हणाले. "मी राखीव. चार वर्सा बाकावर बसान सगळ्यांका बघलंय. मगे गिरण बंद झाली."

 संघाची यादी माझ्याकडे होती. मी ती फाडली आणि दुसरी लिहिली. पंचांकडे देण्याआधी यादी काकांनी तपासायची हा आमचा नियम, म्हणून त्यांच्या हातात दिली.

त्यांनी चष्मा लावला. पहिलंच नाव होतं, परब.  मग बोट सात नावांवरून खाली नेत विचारलं, "राखीव कोण?"

"मी," मी म्हटलं.